पुष्पाआत्याचा पिवळा कीबोर्ड

पुष्पाआत्या लग्न करते आहे, अशी बातमी शिरगावात पसरली.

एकसष्टाव्या वर्षी. नवरा म्हणे तारापूरकडचा, रिटायर्ड, बंगलेवाला. पहिली बायको वारलेली, मुलगा परदेशात, गुडघे शाबूत. तपशील गुडघ्यांपर्यंत पोचला म्हणजे बातमी पक्की समजायची. आणि पुरावा होताच की! पुष्पलता तांडेल, जिने जन्मात खोबरेल तेलापलीकडे डोक्याला काही लावलं नाही, ती बोईसरच्या वर्षाराणी ब्यूटी पार्लरमधून बाहेर पडताना लोकांनी पाहिली. एकदा पाहिली असती तर सोडून दिलं असतं. चारचारदा पाहिली. हातात पिशवी, पिशवीत बाटल्या. एसटीत शेजारी बसलेलीने मान वाकडी करून बाटलीवरचं चित्रही बघून घेतलं. सोनेरी केसांची गोरी बाई.

"केस सोनेरी करते हाय गे. त्याला तशीच पायजे म्हणं."

पुष्पाआत्याची भावजय भावना पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिला टोपली खाली ठेवायच्या आत विचारणा झाली, "नणंदेला उजवतेस म्हणं? आमाला बोलावशील ना?"

तर बातमी साफ खोटी. लग्न नव्हतं, नवरा नव्हता, त्यामुळे त्याचे गुडघेही नव्हते. बाटल्या मात्र खऱ्या. त्या केसांसाठी नव्हत्या, कीबोर्डसाठी होत्या. कॉम्प्युटरच्या कीबोर्डसाठी. भावनाने हे खरं कारण बाजारात सांगून पाहिलं, पण ऐकणाऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि लग्नच बरं म्हणून धरून ठेवलं.

आता खरं काय ते.

पुष्पाआत्या चिडली की पहिल्यांदा फक्त "हां?" म्हणते. हा "हां" वरून निघतो आणि खाली खाली जात राहतो, होडीतून नांगर सोडल्यासारखा. तळाला लागला की समोरच्याने समजून घ्यायचं. गेल्या हिवाळ्यात हा "हां" बोईसरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कंपनीच्या थंडगार स्वागतकक्षात सुटला. कंपनीचं नाव इथे नको. तिथल्या लोकांना राग लवकर येतो आणि माफी उशिरा सुचते.

या कंपनीत पुष्पाआत्याने अख्खी नोकरी काढली. पालघरला टायपिंगचा क्लास केलेली, वलांडीवर सुकत घातलेले बोंबील उतरवून, हात तीनदा साबणाने धुऊन, शिरगावहून पालघर आणि पालघरहून बोईसर असं रोज जाणारी मुलगी. कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ऑफिसातले सगळे पुरुष त्याच्यापासून हातभर लांब उभे राहिले. कोणी म्हणालं शॉक लागतो, कोणी म्हणालं डोळे जातात. शेवटी मोठ्या साहेबांनी विचारलं, "टायपिंग कोणाला येतं?" आणि सगळ्यांनी एकदम पुष्पाकडे बोट दाखवलं. शॉक लागायचाच असेल तर तिला लागू दे, असा एकूण हिशेब.

तिला शॉक लागला नाही. लागलं ते वेड. त्या खोलीला एसी होता, चपला बाहेर काढायच्या, आणि आत तो कीबोर्ड. वीट उचलावी इतका जड. बटण दाबलं की नुसतं दबायचं नाही, टक् करून बोलायचं. पुष्पाआत्या माल पाठवणीची कागदपत्रं टाइप करायला लागली की बाहेर गोदामातले हमाल म्हणायचे, "दीदी का ट्रक छूटा." पुढे नवे कॉम्प्युटर आले, रबरी बटणांचे मुके कीबोर्ड आले, आणि तो जुना कुठेतरी गेला. पण तिच्या बोलण्यात तो राहिला. लोकांना आपली पहिली सायकल आठवते तसा.

आता कंपनीला चाळीस वर्षं होणार होती. मोठा समारंभ, जुन्या माणसांना शाल आणि नारळ. त्यासाठी फोटो काढायला पुष्पाआत्याला बोलावलं, आणि फोटोसाठी पदर सारखा करताना तिला समोर काचेचं कपाट दिसलं. निळी मखमल. मखमलीवर एक काळा कीबोर्ड. मागे भिंतीवर मोठा करून लावलेला दसऱ्याचा जुना फोटो. आणि पुढ्यात चकचकीत पाटी : "आमचा पहिला संगणक. पहिले संगणक चालक : श्री. विनोद चुरी."

तिथेच तो "हां?" सुटला.

समारंभाची व्यवस्था दर्पण नावाच्या तरुण साहेबाकडे होती. दर्पण वाईट नाही. फक्त तो प्रत्येक वाक्य "ॲक्च्युअली" या शब्दावर बसवून मग पुढे ढकलतो.

"हा कीबोर्ड कोणाचा?" पुष्पाआत्याने विचारलं.

"ॲक्च्युअली मॅडम, तेव्हाचाच आहे. स्टोअरमधून काढला."

"तेव्हाचा? ह्याच्यावर खिडकीच्या चित्राचं बटण हाय. हे बघा, खाली डावीकडं. आमच्या वेळी हे बटण जन्माला आलं नव्हतं."

"ॲक्च्युअली, कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड. व्हिजिटर कोण एवढं बघतो?"

"मी बघते ना. मी व्हिजिटर नाय काय?"

दर्पण हसला. हसायला नको होतं.

"आणि ह्यो विनोद? ह्याने कधी चालवला?"

"ॲक्च्युअली फोटोत आहे ना मॅडम. मशीनची पूजा तेच करतायत. म्हणजे मशीन त्यांचंच असणार."

दर्पणची चूक कशी झाली ते समजण्यासारखं आहे, आणि म्हणूनच जास्त संताप आणणारं आहे. दसऱ्याला कारखान्यात जो ज्या यंत्रावर काम करतो तो त्या यंत्राची पूजा करतो. ट्रकची ड्रायव्हर करतो, बॉयलरची बॉयलरवाला. त्यामुळे जुना फोटो बघून कोण कुठे होता ते ओळखायचं असेल तर हळदीकुंकवाचं ताट कोणाच्या हातात आहे ते बघावं. सरळ नियम. फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत तो नियम चालला नव्हता. तिथे दर दसऱ्याला कॅशियर यायचे आणि म्हणायचे, "पुष्पा, ऊठ जरा, पूजा होऊ दे." मग पुष्पा उठायची, आणि तिच्या खुर्चीत कॅशियरचा भाचा विनोद बसायचा. त्याला शॉकची इतकी धास्ती, की तो कुंकू बोटाने लावत नसे, उदबत्तीच्या काडीच्या टोकाने लावायचा. फोटो निघायचा. दुसऱ्या दिवशी पुष्पा टाचणीने बटणांच्या फटींतली हळद कोरत बसायची.

एकदा तिने विचारलं होतं, "मी चालवते तर मीच पूजा केली तर?"

कॅशियर म्हणाले होते, "बाईमाणसाने कशाला? तू चालव ना, चालवायला कोण नको म्हणतं."

इतकी वर्षं हे गिळलं होतं तिने. चालवायला कोणी नको म्हणत नव्हतं, म्हणून. आणि आता तेही गेलं. त्या पाटीने आता चालवणाराही विनोदच ठरवला.

"स्टोअर कुठंशी हाय?" पुष्पाआत्याने विचारलं.

शाल-नारळाच्या फोटोसाठी आलेली बाई जरीच्या साडीत बॉयलरमागच्या भंगारखोलीत शिरली. रामू वॉचमन किल्ली घेऊन पुढे. "दीदी, सब सड़ गया होगा," तो दारातच म्हणाला. आत फुटके ड्रम, मोडक्या खुर्च्या, आणि एका कोपऱ्यात वायरींच्या जंजाळात कीबोर्डांचा ढीग. दर्पण दारात नाकाला रुमाल लावून उभा.

पुष्पाआत्याने एकेक उचलायला सुरुवात केली. उचलायची आणि टाकायची. हलका, नाय. हा पण हलका, नाय. मग एक हाताला लागला तो उचलताना तिचा खांदा खाली गेला. रंग पार गेलेला, जुन्या दातांसारखा पिवळा. गुंडाळी गुंडाळीची जाड वायर, टोकाला मोठी गोल पिन. तिने एक बटण दाबलं. धूळ असूनही ते बोललं. टक्.

"हाच."

"ॲक्च्युअली मॅडम, असे बरेच असतील त्या काळी. हाच तुमचा, हे कशावरून?"

पुष्पाआत्याने उलटा केला. खाली परदेशी कंपनीची चिठ्ठी, त्यावर बनवल्याचं साल, कॉम्प्युटर आला त्याच्या दोन वर्षं आधीचं. दर्पण म्हणाला, सालावरून जात कळते, मालक कळत नाही. हे मात्र तो बरोबर बोलला. मग पुष्पाआत्याने कीबोर्ड एका ड्रमवर ठेवला, पदराने पुढची कड पुसली आणि दोन्ही हात टाइप करायला ठेवतात तसे ठेवले. तिच्या हातांत आईची पितळी कांकणं असतात, ती कधी निघत नाहीत. कीबोर्डच्या पुढच्या कडेला दोन ठिकाणी प्लॅस्टिक झिजून खाचा पडल्या होत्या. कांकणं त्या खाचांत जाऊन बसली, गोठ्यातली गाय आपल्या जागी जाऊन उभी राहते तशी.

"तुमच्या विनोदला विचारा, कांकणं कुठल्या दुकानातून घेतो."

रामू फिस्सकन हसला. दर्पणने रुमाल खाली घेतला. मग तो म्हणाला, आणि इथे त्याने पहिल्यांदाच "ॲक्च्युअली" गाळलं, "पण मॅडम, हा असा कपाटात ठेवता येणार नाही. पाहुणे येणार, मालक येणार. हा चालला पाहिजे आणि दिसायला बरा झाला पाहिजे. तसा करून आणलात तर हा ठेवतो आणि पाटी बदलतो. नाहीतर आहे ते राहू दे."

"पाटी बदलतो म्हणालात."

"हो."

"रामूभाऊ, ऐकलात?"

"सुना दीदी. पूरा सुना."

समारंभ महिनाअखेरच्या शनिवारी होता. पुष्पाआत्या कीबोर्ड मांडीवर घेऊन शिरगावला आली आणि वाटेत कोणाशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली. तिचं बोलणं शेजारच्या घरात स्वच्छ ऐकू येतं, आणि ते जसंच्या तसं उतरवून घ्यायला शेजारच्या घरात हे लिहिणारी कायम तयार असते.

"मी उठायची आणि तो बसायचा! आणि आता पाटीवर पण तोच बसला! बसू दे! उठवते त्याला!"

भाऊ अंकुश जाळं दुरुस्त करत होता. "कोणाला उठवतेस?" त्याने विचारलं.

"तुझा इंजिनाचा पान्हा दे."

कीबोर्डचे बोल्ट खोल भोकांत बसवलेले असतात, साधा पान्हा तिथे पोचत नाही. बोटीच्या इंजिनासाठी अंकुशकडे लांब नळीचा होता, तो नेमका लागला. झाकण निघालं आणि आतून कंपनीचा सगळा इतिहास ओट्यावर सांडला. टाचण्या, पेन्सिलीचं टोक, पांढऱ्या केसाचं एक वेटोळं, आणि बटणांच्या खाली सगळीकडे अक्षता. तांदळाचे दाणे, हळदीने माखलेले, कुंकवाची ढेकळं, झेंडूची एक वाळून काळी पडलेली पाकळी. विनोदचे सगळे दसरे तिथे साठून बसले होते.

"बघ," पुष्पाआत्या म्हणाली. "काडीच्या टोकाने पूजा करायचा आणि कचरा माझ्यात टाकायचा."

"तुझ्यात?" अंकुश म्हणाला.

"कीबोर्डात. तेच ते."

प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग असते. बटण दाबलं की ती वाकते, आणि ती वाकण्याचाच तो टक् आवाज. काही स्प्रिंगा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. त्या तिने मऊ ब्रशने आणि स्पिरिटने पुसल्या. एक अगदीच गेली होती, ती कोपऱ्यातल्या कधी न लागणाऱ्या बटणाखालच्या स्प्रिंगेशी बदलली. गोल पिन आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा तुकडा पालघरच्या दुरुस्तीवाल्याला मागवायला सांगितला. हे सगळं जमलं. अडलं ते रंगावर. साबण लावला, सोडा लावला, भावनाने भांड्यांची चिंच आणून दिली. मळ गेला, पण पिवळा रंग हलेना. मग मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ सापडला. तो काय बोलत होता ते कळलं नाही, पण त्याच्या हातातली बाटली कळली. केसांचा रंग उतरवायचं क्रीम. ते फासायचं, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं.

म्हणून पार्लर. आणि पार्लरमधलं संभाषण असं झालं.

"या काकू, कुठला शेड करायचाय?" वर्षाराणीने विचारलं.

"पांढरा."

"पांढरा? लोक पांढऱ्याचा काळा करायला येतात!"

"पिवळ्याचा पांढरा करायचाय."

वर्षाराणीने काकूंच्या डोक्याकडे बघितलं. तिथे पिवळं काही नव्हतं. "काकू, काही फंक्शन आहे का?"

"हाय. ह्या महिन्यात."

"आणि कोण कोण येणार?"

"मालक येणार तारापूरहून. त्यांच्यासमोर नीट दिसायला पायजे."

खुर्चीवर फेशियल करून घेणाऱ्या दोघींनी डोळ्यांवरच्या काकड्या उचलून हे ऐकलं. पुढे वर्षाराणीला सगळं समजावून सांगितलं गेलं तेव्हा त्या दोघी वाफ घेत होत्या. म्हणजे नवरा, बंगला आणि गुडघे कुठून आले ते कळलंच.

उन्हाचं पुष्पाआत्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, खाली कापडावर जवळा पसरलेला, आणि बाजूला ताटात कीबोर्डवरून सुटी काढलेली, क्रीम फासून प्लॅस्टिकात गुंडाळलेली बटणं. तरी पहिली खेप फसली. एका बाजूने पांढरी, एका बाजूने पिवळी, डाग डाग. तिने सगळी परत धुतली आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. बोंबील उलटायचा असतो हे पोराटोरांना माहीत, आणि आपण बटणं एका कुशीवर ठेवून झोपलो! पुढच्या खेपेला ती दुपारभर उलटत बसली. बटणं हळूहळू शंखासारखी होत गेली. अंकुश येता-जाता म्हणायचा, "हळद लावून पिवळी केली त्यांनी, आता तू हळद उतरवतेस." पण पिवळं हळदीने झालं नव्हतं, वयाने झालं होतं. ते पुष्पाआत्याने त्याला सांगितलं नाही. हळदीवरचा राग तिला कामाला येत होता.

शेवटची खेप धुऊन तिने बटणं जवळ्याच्या कापडाच्या कडेला सुकत टाकली आणि तो जोडतुकडा आणायला पालघरला गेली.

परत आली तर कापड मोकळं.

बाजाराचा दिवस होता. भावनाला उशीर झाला होता. तिने कापडाची चारी टोकं उचलली, जवळा टोपलीत लोटला, बोंबील वर ठेवले आणि निघाली. ती संध्याकाळी उरलेली टोपली घेऊन घरी आली तेव्हा पुष्पाआत्या उंबऱ्यातच उभी.

"बटणं कुठं हायत?"

"कसली बटणं?"

"जवळ्याच्या बाजूला ठेवलेली!"

भावनाने टोपलीत हात घातला आणि मूठभर जवळ्याबरोबर एक "शिफ्ट" वर आलं.

"अगो, टोपलीत काय भरतेस ते बघायचं नाय?"

"कापडावर जे पसरलं तो जवळा. सासूबाई असल्यापासून हेच चाललंय. तुमी मधी साबणाचे दाणे घातलेत, त्याला मी काय करू?"

"साबणाचे दाणे? ती इंग्रजी हाय सगळी!"

"मग इंग्रजी कपाटात ठेवायची!"

दिवेलागणीपर्यंत दोघी चाळणी घेऊन बसल्या. भांडत भांडत चाळलं आणि चाळत चाळत भांडल्या. सगळी बटणं निघाली. एकच नाही. "ई".

इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर. कंपनीच्या नावात ते दोनदा येतं. तसं बटणाची वरची टोपी नसली तरी खालची दांडी दाबून अक्षर उमटतं, पण दिसायचं काय? अक्षरांच्या पहिल्याच रांगेत भोक. दर्पणला कारणच मिळालं असतं.

भावनाला आठवलं. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांनी बोंबीलच नेले. जवळ्याचं माप एकाच बाईने नेलं, नवसीने. नवसी मनोरच्या अंगाला डोंगरातल्या कुठल्यातरी पाड्यावर राहते, बाजारी शेंगा विकते आणि जाताना जवळा नेते. पाड्याचं नाव भावनाला माहीत नाही, फोन नवसीकडे नाही. पुढचा बाजार शुक्रवारी, समारंभाच्या आदल्या दिवशी.

याच वेळी हे लिहिणारी ओट्यावर चढली. आधी तिने भावनाकाकी आणि पुष्पाआत्या दोघींच्या आवाजात ते "इंग्रजी कपाटात ठेवायची" करून दाखवलं, आणि अंकुश जाळ्यात तोंड लपवून हसला. मग तिने आपलं मत दिलं. नवसीने जवळा निवडला, "ई" कोंबड्यांकडे फेकला, विषय संपला. शिवाय या दिवसांत डोंगरातली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. ती शुक्रवारी कुठे असेल देव जाणे.

"ती येईल," पुष्पाआत्या म्हणाली.

"बटण परत करायला? पाड्यावरून?"

"परत करायला नाय. भांडायला. गेल्या वर्षी हिच्या जवळ्यात वाळू निघाली, तर नवसीने ती वाळू पुडीत बांधून आणली होती. माप भरायला वाळू घालता म्हणून. हिचा अर्धा बाजार उठवला होता. अशी बाई कोंबड्यांकडे फेकील? पुरावा हाय तो."

"लाव पैज, आत्या."

पैज लागली. "ई" शुक्रवारपर्यंत आला नाही, तर पुष्पाआत्याने भर आळीत खुर्चीवर बसायचं आणि हे लिहिणारी तिची नक्कल करील ती पहिल्या "हां"पासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकायची. आणि आला, तर उरलेलं क्रीम हे लिहिणारीच्या डोक्याला. दोन्ही बाजूंनी टाळी झाली. अंकुश साक्षीला.

मधल्या दिवसांत दर्पणचा फोन आला. "ॲक्च्युअली मॅडम, जुनी पाटी पॉलिश करून घेऊ का? सेफ साइड म्हणून?"

"नको," पुष्पाआत्या म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही असं भावना सांगते.

शुक्रवारी पुष्पाआत्या सकाळीच भावनाच्या टोपलीमागे जाऊन बसली. ऊन चढलं. बोंबील संपत आले. शेंगांच्या ओळीत नवसीची जागा रिकामी. हे लिहिणारी तिथून दोनदा चक्कर मारून गेली आणि दुसऱ्या वेळी "हां?"ची तालीम जरा मोठ्याने केली.

मग बाजाराच्या तोंडाशी आवाज उठला. नवसी डोक्यावर शेंगांचा भारा घेऊन तडक येत होती, शेंगांच्या ओळीकडे न वळता. भारा तिने भावनाच्या टोपलीसमोर आदळला आणि पदराची गाठ दातांनी सोडली.

"भावने! ह्यो कोनाचा दात हाय?"

तळहातावर "ई". शंखासारखा पांढरा.

"दात?" भावना म्हणाली.

"मंग काय हाय? दाढ हाय मान्साची! मेलेल्या मान्साची दाढ जवल्यात घालतां? माझ्या पोरान गिलली असती मंजे? आनी लिवलंय पन वरती! दातावर कोन लिवतां गे?"

आजूबाजूच्या बायका उठून आल्या. "दाढ? बघू बघू." भावनाला हसू आवरेना, आणि ती हसते म्हटल्यावर नवसीचा आवाज आणखी चढला. "हस! दर्यावरची लोकां तुमी, मडी मिलतात तुमाला जाल्यात, त्यांच्या दाढा आमाला खायला देतां!"

पुष्पाआत्या उभी राहिली. "दात नाय गे बाय. बटण हाय ते."

"बटन? मंग झगल्याला लाव नी. जवल्यात कशाला?"

"माझं हाय. चुकून गेलं. तुझ्या पायावर डोकं ठेवते, पण दे."

नवसीने लगेच दिलं नाही. आधी जवळ्याचं एक माप शिगोशीग घेतलं, ते हाताने चाळून बघितलं, मगच "ई" सोडला. आणि जाता जाता पुष्पाआत्याला म्हणाली, "लगीन हाय मनं तुझा? दात सांबाल."

शनिवारी कीबोर्ड मखमलीवर ठेवण्याआधी दर्पणने तो कॉम्प्युटरला जोडला. पुष्पाआत्या बसली, कांकणं खाचांत गेली आणि बोटं सुटली. टक् टक् टक् टक्. कंपनीचं नाव, दोन्ही "ई"सकट, पडद्यावर उमटलं. स्वागतकक्षातले सगळे कपाटाभोवती गोळा झाले. मागे कुठूनतरी रामू म्हणाला, "दीदी का ट्रक छूटा."

विनोद चुरीही आला होता. आता टक्कल, पोट आणि काठी. त्याने वाकून बघितलं. "अरे, हाच तो! ह्याला कुंकू लावताना माझे पाय कापायचे."

"मग ह्यांनी पाटीवर तुझं नाव घातलं तेव्हा बोललास का नाय, की चालवायची पुष्पा?" पुष्पाआत्याने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," विनोद म्हणाला. "शाल देतो म्हणाले, मी आलो."

पाटी बदललेली होती. "पहिल्या संगणक चालक : श्रीमती पुष्पलता तांडेल." पुष्पाआत्याने ती जवळून वाचली, लांबून वाचली. तेवढ्यात दर्पण हळदीकुंकवाचं ताट घेऊन आला. नारळ, फुलं, उदबत्ती. कपाट बंद करण्याआधी पूजा. आणि ते ताट त्याने, सवयीने, अगदी सहज, विनोदच्या हातात दिलं.

"हां?"

हा "हां" फार खोल गेला. विनोदने ताट असं सोडलं की जणू त्याला शेवटी शॉक लागलाच. पुष्पाआत्याने ते वरच्या वर धरलं. उदबत्ती ओवाळली, फूल ठेवलं. मग कुंकवात बोट बुडवून कीबोर्डकडे नेलं आणि मध्येच थांबली. त्या पांढऱ्याशुभ्र बटणांकडे तिने क्षणभर बघितलं.

"ह्याला नाय," ती दर्पणला म्हणाली. "कपाटाला लावते." आणि काचेच्या चौकटीवर ठसठशीत बोट ओढलं.

राहिली पैज.

रविवारी वर्षाराणीच्या खुर्चीत हे लिहिणारी बसली. उरलेलं क्रीम पुढच्या बटांना लागलं, वर प्लॅस्टिक आलं. पुष्पाआत्या शेजारी स्टुलावर, देखरेखीला. धुतल्यावर जे निघालं ते सोनेरी नव्हतं. ते भंगारखोलीतल्या त्या कीबोर्डच्या रंगाचं होतं, एका बाजूला जरा जास्त, एका बाजूला जरा कमी. घरी आईने दार अर्धंच उघडलं. आळीत आता बातमी आहे की हे लिहिणारीला मुंबईत सिरियलीत काम लागलं, आणि सिरियलीचं नावसुद्धा लोकांना माहीत आहे.

पुष्पाआत्याने मात्र हनुवटी धरून डोकं उजेडाकडे वळवलं, बोंबील बघतात तसं दोन्ही बाजूंनी बघितलं आणि जीभ टाळूला लावून च्यक् केलं.

"सारखा नाय बसला," ती म्हणाली. "मधी उलटायला पायजे होती तुला."